फक्त चाक बसवायचं होतं

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा नॉर्ब गॉर्स्की वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि त्या सगळ्या मी आधीच घालून झालेल्या आहेत. दारू नाही, बायकोवर हात उचलणं नाही. रविवारी सेंट हेडविग चर्चमध्ये पहिल्या प्रार्थनेला हजर. बर्फ पडला की आधी माझ्या दारातला उपसणार, मग स्वतःच्या. माझा नवरा गेल्यापासून माझं तुंबलेलं मोरीचं पाणी काढायला दुसरं कोण आलंय? पण देवानं त्या माणसाला डोळे दिले ते फक्त चुका बघायला, त्याला मी काय करू!

मोटारींच्या कारखान्यात त्याचं कामच ते. विशीत रंगाच्या तपासणीवर लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. रंगवलेली गाडी पट्ट्यावरून पुढं सरकायची, वर ट्यूबलाइटींचा झगझगाट, आणि नॉर्ब मेणाची पिवळी पेन्सिल घेऊन तिच्याभोवती फिरायचा. रंगाचा ओघळ दिसला, काढ गोल. रंगात केस चिकटलेला दिसला, काढ गोल. मग पुढची माणसं तेवढा भाग घासून पुन्हा रंगवणार. सत्तर सालच्या त्या दांडग्या इंजिनांच्या गाड्या, ज्यांच्या नुसत्या आवाजानं आमच्या वायनडॉट गावातले म्हातारे अजून रस्त्यात थांबतात, त्या सगळ्या याच्या डोळ्यांखालून गेल्या. लोक म्हणतात, "काय नशीबवान रे तू!" नॉर्ब म्हणतो, "त्यातली एक धड नव्हती."

ही सवय फाटकाबाहेर ठेवून घरी येता आलं असतं तर काय हवं होतं! लोइस, म्हणजे माझी बहीण, एवढा कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून सकाळपासून खपायची, आणि हा पहिला घास घ्यायच्या आधी म्हणायचा, "हे एक सुटलंय." मी घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापते, त्यावर माझं पोट. तर माझ्या दारातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फुटपाथवर थांबवून सांगायचा, "बर्नीनं डावीकडं जास्त कापलंय." मी बाहेर येऊन ओरडले, "नॉर्ब, इकडं ये, तुझं तोंड शिवून देते!" तो म्हणाला, "पण कापलंय." आणि कापलं होतंच, मेल्यानं बरोबर पकडलं होतं!

त्याचा सगळा जीव तळघरात. बाजारात त्या जुन्या गाड्यांच्या धातूच्या छोट्या प्रतिकृती मिळतात ना, वीतभरापेक्षा जरा लांब, दारं उघडतात, बॉनेट उघडतं, तसल्या आणायचा. आणायचा आणि मोडायचा. पोटाखालचे रिव्हेट ड्रिलनं उडवून गाडीचा तुकडा न् तुकडा वेगळा करायचा. वरचा रंग रसायनात बुडवून नागडा धातू काढायचा. साच्याच्या रेघा राहिलेल्या असतात त्या घासायच्या, मग फवाऱ्यानं धुक्यासारखा पातळ रंग, वाळवायचा, घासायचा, पुन्हा रंग. काचांच्या कडेला चंदेरी वर्ख चिकटवून टूथपिकनं दाबायचा आणि पात्यानं कापायचा. इंजिनात केसाएवढ्या तारा ओवायच्या. एका गाडीला अख्खा हिवाळा जायचा. आणि झाली की अशी दिसायची की बाई, श्वास धरून बघावं. मी खोटं बोलणार नाही, त्याच्या हाताला तोड नव्हती.

त्यांना एकच मुलगा, ग्रेग. बापाच्या अगदी उलट. हसरा, वेंधळा, बुटाच्या नाड्या कायम सुटलेल्या. त्याला तळघराचं भयंकर वेड होतं, पण नॉर्ब फवाऱ्याला हात लावू देईल तर शपथ. "आधी हात बसू दे," म्हणायचा. अरे, हात लावल्याशिवाय बसणार कसा? पोहायला येईपर्यंत पाण्यात उतरू नको म्हणण्यातला प्रकार!

चौदा वर्षांचा असताना ग्रेगनं लोकांची गवतं कापून पैसे साठवले आणि सत्तर सालच्या चॅलेंजर गाडीची तसलीच छोटी प्रतिकृती आणली. तीच का, तर तसली खरी गाडी कारखान्यात बापाच्या लाइनवरून जायची म्हणून. रंग कुठून आणणार? आला माझ्याकडे. "बर्नी मावशी, तुझ्याकडं ते जांभळं नेलपॉलिश आहे ना?" मी म्हटलं, "कुणासाठी रे? कोण ती?" लाजून लाल झाला. "गाडीला पाहिजे." मी बाटली दिली. माझ्याच मागच्या व्हरांड्यात बसून त्यानं ती गाडी रंगवली, त्या इवल्याशा ब्रशनं, जीभ दातांत धरून. वरचा पांढरा पट्टा मागं जाता जाता वाकडा झाला. डाव्या दाराखाली रंग ओघळला. छपरावर माझ्या दुकानातला कुणाचा तरी केस चिकटला. काचांच्या कडा चंदेरी पेननं गिरवल्या, त्या काचेवर आल्या. आणि रंग ओला असतानाच उचलल्यामुळे डिकीवर अंगठा उमटला. मला ती फार आवडली, अगदी खरं सांगते.

ती गाडी घेऊन पोरगं बापाकडं तळघरात गेलं. मी तिथं नव्हते. लोइस होती, तिथंच तिचं कपडे धुवायचं मशीन. तिनं मला त्याच दिवशी येऊन सांगितलं. नॉर्बनं चष्मा लावला, दिवा जवळ ओढला, गाडी फिरवून फिरवून बघितली. मग कारखान्यातली ती पिवळी पेन्सिल काढली आणि गोल काढत गेला. ओघळ. केस. पट्टा. काचा. अंगठा. रागानं नव्हे हं! अगदी मायेनं, समजावून. "एवढं घासून परत कर, मग शिकशील." ग्रेगनं शर्टाच्या बाहीनं ते गोल पुसले, गाडी वर नेली आणि आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. त्यानंतर तो तळघरात उतरला नाही.

गाडी मात्र खिडकीतच राहिली. लोइस भांडी धुताना ती पुसायची. मी कितीदा बघितलंय, पुसून झालं की डिकीवरच्या त्या ठशावर ती आपला अंगठा ठेवायची, क्षणभर, आणि मग पुढची बशी घ्यायची.

ग्रेग मोठा झाला, इथं तिथं काम केलं. मग इथली कामंच संपली, तेव्हा टेक्सासला गेला घरांची छपरं घालायला. बापलेक फोनवर हवामानावर बोलायचे. तिकडं किती उकडतंय, इकडं किती बर्फ, झालं. एके दिवशी तो छपरावरून पडला आणि गेला. एकोणतीस वर्षांचा. त्याचं सामान म्हणून जे खोकं आलं त्यात कपडे, बूट आणि एक मोजायची टेप. पोरानं स्वतःच्या हातानं केलेली अशी जगात एकच वस्तू उरली, ती खिडकीतली.

तो गेल्यावर तिसऱ्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या साफसफाईत, लोइसच्या हातून गाडी सिंकमध्ये पडली. पुढचं चाक निखळलं. बाकी खरचटलंसुद्धा नाही. ती नॉर्बला म्हणाली, "एवढं चाक बसवून दे." मी समोर होते, माझ्या कानांनी ऐकलं.

नॉर्बनं गाडी खाली नेली. आठवडा झाला. लोइस विचारायची, "झालं का रे?" तो म्हणायचा, "होतंय. घाई करू नकोस." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. चाक बसवायला त्याला कॉफी गार व्हायच्या आत जमलं असतं. पण तो इतका खुशीत होता! मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा शीळ घालत होता. आम्हाला वाटलं, चला, माणूस जरा माणसात येतोय.

ईस्टरच्या रविवारी जेवायला बसलो. हॅम, मुळ्याची तिखट चटणी, ईस्टरला करतात ते लोण्याचं कोकरू, सगळं मांडलेलं. नॉर्ब खालून रुमाल झाकून काहीतरी घेऊन आला. म्हणाला, "काल बोलिंगच्या हॉलमध्ये आमच्या छोट्या गाड्यांच्या क्लबातल्यांना दाखवली. उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी." आणि रुमाल काढला.

काय सांगू! जांभळा असा खोल, की खिडकी त्यात दिसत होती. पट्टा सरळ, आखल्यासारखा. काचांना वर्खाची बारीक कड. दार उघडलं तर आत गालिचा, बॉनेट उघडलं तर तारा. त्यानं आयुष्यात केलेली सगळ्यात सुंदर गाडी होती ती. मी लोइसकडं बघितलं.

लोइस म्हणाली, "छान आहे. कुणाची?"

"आपली. ग्रेगची."

तिनं ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. मागं फिरवून डिकीवर बोट नेलं. काचेसारखं गुळगुळीत झालं होतं तिथं.

"त्याचा रंग कुठाय?"

"काढला ना सगळा. जाड थर होता गं, नेलपॉलिशचा. धातूपर्यंत जावं लागलं."

"काढून ठेवलास कुठं?"

"ठेवतात का? रसायनात विरघळला. गावाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आलो, असलं गटारात ओतायचं नसतं." मग तिचा चेहरा बघून तो जरा गडबडला. "लोइस, त्याचं अर्धवट राहिलेलं मी पुरं केलं. त्याला जे करायचं होतं ते. आता यात एकही चूक नाही. शोधून दाखव!"

लोइसनं गाडी टेबलावर ठेवली. "मी तुला चाक बसवायला सांगितलं होतं," ती म्हणाली. मग तिनं हॅम कापलं, आम्हाला वाढलं, आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी नॉर्बला म्हटलं, "अरे गाढवा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" त्याला खरंच कळेना. गाडी हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा बघत होता, कुठं काही राहून गेलं का म्हणून.

कळलं तेव्हा मात्र माणूस खचला. लोइस भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडलीच नाही. जेवण वेळेवर, शर्टाला इस्त्री, "औषध घेतलंस का," सगळं होतं, पण ती त्याच्याकडं बघायची बंद झाली. खिडकीत तिनं काही ठेवलं नाही. ती नवी गाडी तळघरात गेली.

एक दिवस दुपारी नॉर्ब माझ्या दुकानात आला. टोपी हातात.

"बर्नी, ते जांभळं नेलपॉलिश आहे का तुझ्याकडं? तेव्हाचं?"

"का? तुझी नखं रंगवून देऊ?"

"मी दुसरी चॅलेंजर आणलीय. तशीच." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "परत तशी करून देतो तिला. जशी होती तशी."

"डोंबल तुझं! तशी कशी होईल? ती ग्रेगनं केलेली होती."

"मला माहीत आहे गं." तो हातातली टोपी फिरवायला लागला. "मग मी दुसरं काय करू? मला दुसरं काय येतं, सांग."

मी ड्रॉवर उपसले, तर तळाशी एक बाटली सापडली, घट्ट झालेली. मी पातळ करून दिली. वाटलं, करू दे. निदान हात तरी चालू राहतील.

आणि मग त्या माणसाचे जे हाल झाले ते मी बघितले. त्याला वाईट रंगवताच येईना! ब्रश टेकवला की रेघ सरळच जायची. ओघळ मुद्दाम काढला की मुद्दाम काढलेला दिसायचा. डाव्या हातानं करून बघितलं, तर डावा हातही शिस्तीचा निघाला. डोळे मिटून केलं. मग सगळा रंग काढायचा, पुन्हा नागडा धातू, पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा खाली डोकावले तर हा सत्तरीला टेकलेला माणूस स्टुलावर बसून पोराचा वाकडा पट्टा गिरवायला शिकत होता, आणि ते येत नाही म्हणून रडत होता. इतका राग होता मला त्याचा, पण तेव्हा मी जिन्यावरूनच परत फिरले.

फोटो नव्हता बरं का. गाडीचा असा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. सगळं डोक्यातून.

सप्टेंबरात एका शनिवारी सकाळी मी लोइसच्या स्वयंपाकघरात तिच्या केसांना कर्लर लावत होते. नॉर्ब खालून आला आणि त्यानं गाडी टेबलावर ठेवली.

माझ्या हातातला कर्लर पडला. ती तीच होती! ओघळ तिथंच, तेवढाच, खाली गोळा होऊन थांबलेला. पट्टा ज्या जागी डगमगायला लागायचा त्याच जागी डगमगलेला. छपरावर केस. काचेवर आलेली चंदेरी रेघ. डिकीवर ठसासुद्धा, पोराच्या अंगठ्याएवढा दिसावा म्हणून स्वतःच्या करंगळीनं उठवलेला. मी पहिली गाडी रंगताना बघितलीय, आणि मलासुद्धा फरक ओळखता आला नसता.

लोइस कितीतरी वेळ बघत राहिली. अर्ध्या डोक्याला कर्लर, अर्धे केस ओले. मग किती महिन्यांनी तिनं मान वर करून नॉर्बकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर अशी आशा आली की मलाच बघवेना.

"तुला हे सगळं लक्षात होतं?" ती म्हणाली.

"एकेक डाग," नॉर्ब म्हणाला. "रोज डोळ्यांसमोर दिसतं. कुठं काय होतं, सगळं."

"आणि तो?"

"काय तो?"

"त्या दिवशी तो जिना उतरून तुझ्याकडं आला. कसा दिसत होता?"

नॉर्बनं गाडीकडं बघितलं.

"हसत होता का? अंगात काय होतं? काही तरी सांग, नॉर्ब. मी मशीनपाशी होते, मला सगळं आठवतंय. तुला काय आठवतंय ते सांग."

"उजेड कमी होता," तो म्हणाला. "मी दिवा जवळ घेतला."

"गाडी तुझ्या हातात देताना तो काय म्हणाला?"

नॉर्ब आठवायला लागला. खोटं नाही बोलत, त्यानं मनापासून प्रयत्न केला, कपाळावर घाम आला त्याच्या. शेवटी मान हलवली.

"'बाबा, ही तुला,' असं म्हणाला," लोइस म्हणाली. "तुझ्यासाठी केली होती त्यानं. ठेवून घ्यायला. तू पेन्सिल काढलीस तेव्हा तो माझ्याकडं बघून गप्प राहा म्हणून खुणावत होता. नंतर वर येऊन मला म्हणाला, बाबाला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. इतकी वर्षं नाही सांगितलं मी. माझ्याकडं ती फक्त ठेवायला होती."

मलाही हे आजच कळत होतं.

नॉर्बनं गाडी उचलली, छातीशी धरली, पुन्हा खाली ठेवली. कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तपासायला आणलीय."